खडा काढलात, जळजळ तशीच: सर्जनसाहेबांना खुले पत्र

डॉक्टरसाहेब,



या पत्रात तुमचं नाव नाही, तुमच्या हॉस्पिटलचंही नाही. असं बोलणारे नाशिकात तुम्ही एकटेच असता, तर पत्र पाकिटात घालून तुमच्याच टेबलावर आणून ठेवलं असतं. पण गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत आणि सिडकोपासून पंचवटीपर्यंत तेच एक वाक्य ऐकून आलेली माणसं मला भेटली, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितोय. ज्या डॉक्टरांना ते लागू पडेल, त्यांनी ते आपल्यालाच आलंय असं समजावं.

ते वाक्य असं: "पित्ताची पिशवीच काढून टाकू, पित्ताचा त्रास मुळापासून संपेल."

तुमच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या ताईच्या पोटावर चार बारीक खुणा आहेत. टाके नीट भरले, ताप आला नाही, जखम चिघळली नाही, आणि घरी आली तेव्हा आपल्या पायांनी जिना चढून आली. हात सफाईचा आहे तुमचा. तक्रार तुमच्या तोंडाबद्दल आहे. जे बोललात त्याबद्दल, आणि त्याहून जास्त, जे बोलायला हवं होतं आणि बोलला नाहीत त्याबद्दल.

ताईचा त्रास जुना. जेवलं की पोट गच्च व्हायचं, करपट ढेकरा यायच्या, छातीत जळजळ, कधी रात्री आडवं पडलं की आंबट घशाशी. रविवारी भाचरांबरोबर मिसळ खाल्ली की संध्याकाळपर्यंत सोड्याच्या बाटल्या. एकादशीला दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायची. शाळेत मास्तरीण होती, डबा घाईघाईत खायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून सोनोग्राफी केली, आणि त्यात पित्ताशयात एक खडा निघाला. नऊ मिलिमीटरचा. पित्ताशयाची भिंत जाड नाही, पित्तनलिका रुंद नाही, लिव्हर ठीक, स्वादुपिंड ठीक. रिपोर्टमध्ये हे सगळं छापलेलं होतं. तुम्ही रिपोर्टमधल्या एकाच ओळीखाली पेनाने रेघ मारलीत, खड्याच्या. ती "पित्ताचा त्रास आहे" म्हणाली, तुम्ही पित्ताच्या पिशवीवर बोट ठेवलंत, आणि तिला वाटलं, चला, चोर सापडला.

मग तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. शुगर आहे का, आणि मेडिक्लेम आहे का. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. तिसरा प्रश्न आलाच नाही. आणि सगळं अडलंय ते त्या तिसऱ्या प्रश्नावर: बाई, तुमचं दुखतं कसं?

खड्याचं दुखणं वेगळं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. ते छातीखाली मधोमध नाहीतर उजव्या बरगडीखाली येतं, वाढतं, आणि एकदा वाढलं की तसंच टिकतं. अर्ध्या तासाच्या आत सहसा ओसरत नाही, कधी चार-पाच तास चालतं. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याखाली कळ जाते, उलट्या होतात, माणूस रात्री झोपेतून उठून येरझाऱ्या घालतो आणि कोणत्याही कुशीवर त्याला आराम पडत नाही. मग ते जातं, आणि पुढचे आठवडे किंवा महिने माणूस ठणठणीत असतो. ज्याला अशी कळ येऊन गेलीय तो ती विसरत नाही, तारीखवार सांगतो. ताईला असं आयुष्यात एकदाही झालेलं नव्हतं. तिला होता तो रोजचा फुगारा, ढेकर आणि जळजळ. खडा नसलेल्या लाखो माणसांना हेच होतं. जठराची सूज, एच. पायलोरी नावाचा जंतू, आम्ल अन्ननलिकेत चढणं, दुखण्यावरच्या गोळ्या उपाशीपोटी खाणं, सुस्तावलेलं जठर, यातलं काहीही कारण असू शकतं. तुम्ही यातलं एकही तपासलं नाहीत, कारण सोनोग्राफीत खडा दिसत होता आणि बाकीचं सोनोग्राफीत दिसत नाही.

खडा असणं आणि खड्याने त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना खडे आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांना ते कधीच जाणवत नाहीत. असे मुके खडे घेऊन फिरणाऱ्यांपैकी दरवर्षी शंभरातल्या एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. म्हणून मुक्या खड्याला हात लावू नये, ही सर्जरीच्या पुस्तकातली जुनी शिकवण आहे. याच शहरात, दिंडोरी रोडवर म्हसरूळला, १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या तिथून निघतात. "पित्ताशयातील लक्षणविरहित खडे" या प्रश्नावर तुमच्या उत्तरासारखं उत्तर लिहिणारा मुलगा तिथे नापास होईल.

तुम्ही म्हणाल, ताईला लक्षणं होती की. होती, पण पोटाची होती, खड्याची नव्हती. हा फरक किती महागात पडतो ते नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मोजून पाहिलंय. २४ हॉस्पिटलं, १०६७ पेशंट, सगळ्यांना खडे आणि सगळ्यांचं पोट दुखणारं. एका गटात नेहमीप्रमाणे सर्जनच्या निर्णयाने ऑपरेशन. दुसऱ्या गटात दुखण्याची पाच ठरावीक लक्षणं जुळली तरच. निकाल २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत शंभरातल्या चाळीसेक जणांचं पोट दुखतच होतं. पेशंट निवडताना काळजी घेऊनही ही गत, तर रिपोर्टमधल्या एका ओळीखाली रेघ मारून निवडलेल्या पेशंटचं काय होणार? तो अभ्यास करणाऱ्यांनीही शेवटी हेच म्हटलं की खडे आणि पोटदुखी असलेल्या माणसाला ऑपरेशन सुचवण्याआधी फार विचार करायला हवा. तुम्ही पाच मिनिटांत तारीख दिलीत.

या ऑपरेशनला मी नावं ठेवत नाही. उलट त्याचा मान राखावा म्हणूनच हे लिहितोय. १५ जुलै १८८२ ला बर्लिनच्या लाझारस हॉस्पिटलात कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय काढलं. तो पेशंट सोळा वर्षं खड्यांच्या कळांनी पिळवटला होता. लांगेनबुखनी त्याआधी मृतदेहांवर सराव करून पद्धत बसवली होती, मगच जिवंत माणसाला सुरी लावली. पुढे शंभर वर्षं उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेऊन हे ऑपरेशन होत राहिलं. १९८५ साली जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केलं, आणि त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी आधी त्यांना मोडीत काढलं. आपल्याकडे पाच वर्षांतच, १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. सरकारी रुग्णालयात, हे मुद्दाम सांगतो. पोटात दुर्बीण घालून निदान करण्याचं काम ते तिथे १९७२ पासून करत होते. हातावर पोट असलेल्या माणसाला महिनाभर अंथरुणात पडणं परवडत नाही, म्हणून दुर्बिणीची खरी गरज गरिबाला आहे, असं ते आयुष्यभर मांडत राहिले. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २०२३ साली ते गेले. त्या माणसाने ज्या कारणासाठी हे तंत्र इथे आणलं, ते कारण आणि तुमच्या टेबलावर पेनाने मारलेली ती रेघ, यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे तुम्हीच सांगा.

आणि ज्यांना हे ऑपरेशन खरंच हवं असतं, ते तर तुमच्या दारापर्यंत पोचतही नाहीत. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे पेशंट आहेत. त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून काळे रंगद्रव्याचे खडे लहान वयातच होतात, आणि सिकलसेलची कळ कुठली, खड्याची कळ कुठली, हे कळणंही अवघड होऊन बसतं. अशा पोरांचं पित्ताशय वेळेवर, ठरवून काढणं हे उपकाराचं काम आहे. खडा घसरून पित्तनलिकेत अडकला आणि कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली, पित्ताशयात पू झाला, वारंवार कळा येतात, खडा तीन सेंटिमीटरच्या वर गेलाय, पित्ताशयातला कोंब एक सेंटिमीटरहून मोठा आहे: या सगळ्यांनी ऑपरेशन टाळणं म्हणजे जिवाशी खेळ. अशा कोणी हे पत्र वाचून तारीख पुढे ढकलली, तर ते माझ्या लिहिण्याचं पाप होईल. म्हणून स्पष्ट लिहितो, ढकलू नका. आणि पानफुटीच्या पानांवर किंवा तेल-लिंबाच्या घोटावर विसंबून बसू नका. त्या घोटानंतर संडासात दिसणाऱ्या हिरव्या गोळ्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात, खडा आपल्या जागी तसाच असतो.

आता ऑपरेशननंतरचं सांगतो, कारण खरा राग तिथला आहे.

ऑपरेशन झालं, तुम्ही बाहेर येऊन आम्हाला प्लास्टिकच्या डबीत तो खडा दाखवलात. पिवळट तपकिरी, जरासा खडबडीत. भाच्याने फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीत तपासायला पाठवली का, हे मी विचारलं तेव्हा "काही गरज नाही" म्हणालात. गरज असते. पित्ताशयाचा कॅन्सर कितीदा तरी अशा तपासणीतच पहिल्यांदा कळतो. खडा घरी दिलात आणि जी वस्तू तपासायची ती कचऱ्यात गेली. डिस्चार्ज कार्डावर आहाराच्या पुढे एकच शब्द होता: नॉर्मल.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग जुनं सगळं परत आलं, ढेकरा, फुगारा, जळजळ. आणि सोबत एक नवीन आलं. पहाटे तोंड कडूजहर होऊन जाग यायची. छातीखाली अशी आग की पाणी प्यायलं तरी शमत नाही. कधी उपाशीपोटीच उलटी, आणि उलटीत अन्नाचा कण नाही, नुसतं हिरवं-पिवळं कडू पाणी. सकाळी पोहे खाल्ले की लगेच संडासला धाव. आम्ही परत तुमच्याकडे आलो. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी शब्दशः लिहून ठेवलंय:

"अहो, आता पिशवीच नाही, तर पित्त येणार कुठून? मनाचा खेळ आहे."

डॉक्टरसाहेब, पित्त पिशवीत तयार होत नाही. ते यकृतात तयार होतं. हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं, आणि ताईने ते वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून मुलांना शिकवलंय. तिने तुमच्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली, कारण समोर डॉक्टर होते. मी गप्प बसणार नाही.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, पिशवी असो वा नसो. पिशवीत मावतं फार तर तीस ते पन्नास मिलिलिटर, पण ती त्यातलं पाणी शोषून पित्त घट्ट करते, साठवून ठेवते, आणि जेवणातला तेलकट भाग लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचला की आतड्यातून निघणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर आकुंचन पावून ते खाली सोडते. नाशिककरांना हे वेगळं समजवायला नको: गंगापूर धरण आहे तोवर पाणी साठतं आणि आवर्तन ठरवून सोडलं जातं, धरणच काढलं तर पाणी यायचं थांबत नाही, ते आपल्या मनाने वाहत राहतं. पिशवी काढल्यावर पित्त दिवसरात्र थेंब थेंब आतड्यात उतरत राहतं. जेवणाच्या वेळी, उपाशीपोटी, मध्यरात्री झोपेत, कधीही. बहुतेकांचं शरीर हे जुळवून घेतं. लाखो माणसं पित्ताशयाविना सुखाने जगतात, घोड्याला आणि हत्तीला तर ते मुळातच नसतं. पण काहींचं जुळत नाही, आणि ते का जुळत नाही हे समजायला फार मोठं शास्त्र लागत नाही.

जठराच्या तळाशी पायलोरस नावाचा स्नायूंचा दरवाजा असतो. त्याने अन्न पुढे आतड्यात जाऊ द्यायचं आणि आतड्यातलं मागे येऊ द्यायचं नाही. तो ढिला असला, किंवा जठर आणि आतडं यांच्या हालचालींचा ताळमेळ बिघडला असला, तर आतड्यात सतत झिरपणारं पित्त उलटं जठरात येतं. उपाशीपोटी जठरात अन्न नसतं, तेव्हा ते सरळ जठराच्या अस्तरावर पसरतं. पित्तातले क्षार साबणासारखे काम करतात, चरबी फोडतात. आतड्याला त्यांची सवय आहे, जठराला नाही. जठराचं अस्तर ज्या थराने आम्लापासून वाचतं, तो थरच हे क्षार कुरतडतात, आणि मग आपलंच आम्ल आपल्यालाच जाळायला लागतं. त्यातलं काही आणखी वर अन्ननलिकेत चढलं की तोंड कडू होतं. पित्ताशय शाबूत असलेल्यांनाही हे होऊ शकतं आणि जठराचं ऑपरेशन झालेल्यांना तर बरंच होतं. पण पित्ताशय काढल्यावर काही पेशंटांत हे उलटं येणं वाढतं, हे सर्जनांनीच आपल्या पेशंटांच्या जठरात नळ्या घालून आणि स्कॅन काढून दाखवलंय. पित्ताशय काढल्यानंतर पोटाच्या तक्रारी राहणं किंवा नव्याने सुरू होणं, याला तुमच्या शास्त्रात नावही आहे, पोस्ट-कोलेसिस्टेक्टॉमी सिंड्रोम, आणि वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचं प्रमाण शंभरात दहापासून चाळीसपर्यंत सांगितलंय. ज्यांना ऑपरेशनआधी खड्याच्या कळा नसून नुसतं अपचन होतं, त्यांच्यात हे जास्त. मनाचा खेळ असता, तर त्याचं प्रकरण पाठ्यपुस्तकात छापलं नसतं.

तुम्ही ताईला पॅन्टोप्राझोल लिहून दिलीत. सकाळी उपाशीपोटी एक. ही गोळी आता नाशिकच्या मेडिकलवाल्यांकडे गोळ्या-बिस्किटांसारखी मिळते, कोणीही मागावी आणि खावी. ती आम्ल कमी करते, त्याने थोडा आराम पडतो, पण पित्त उलटं येणं ती थांबवत नाही. ताईची आग अर्धी राहिली आणि कडू पाणी तसंच. तुम्ही गोळी दुप्पट केलीत.

शेवटी आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टर बाई पोटविकारतज्ज्ञ. त्यांनी सर्वांत आधी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून पित्तनलिकेत खडा मागे राहिलेला नाही, याची खात्री केली. मग छातीचा कार्डिओग्राम काढला. का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "साठीच्या बाईला छातीत आग होते म्हणते, आधी हृदय बघायला नको?" मग एन्डोस्कोपी. पडद्यावर मी स्वतः पाहिलं: ताई रात्रीपासून उपाशी, आणि जठराच्या तळाला पिवळ्या-हिरव्या पाण्याचं डबकं साचलेलं. पायलोरसच्या अलीकडचं अस्तर लालभडक, सुजलेलं, त्यावर हिरवट थर. बाईंनी ते पाणी शोषून घेतलं, पुन्हा पाहिलं, अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. त्यात एच. पायलोरीही निघाला. म्हणजे जो जंतू ऑपरेशनच्या आधी शोधायचा, तो पिशवी गेल्यावर सापडला. त्याचा दोन आठवड्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. अस्तराला संरक्षण देणारं सुक्राल्फेट, जठर वेळेवर रिकामं करणारी गोळी, पित्ताचा जहालपणा कमी करणारं उर्सोडिऑक्सीकोलिक ॲसिड, असं क्रमाक्रमाने बसवत नेलं. जुलाबासाठी पित्ताचे क्षार आतड्यातच बांधून ठेवणारी कोलेस्टायरामाइनची पूड. पिशवी काढलेल्या साधारण दहातल्या एकाला असे जुलाब होतात, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. पोह्यांनंतरची धाव चार दिवसांत थांबली. जळजळ महिन्यांनी उतरली, पूर्ण गेलेली नाही.

आणि जेवणाबद्दल बाईंनी वीस मिनिटं सांगितलं. वीस मिनिटं, डॉक्टरसाहेब, तुमच्या पूर्ण कन्सल्टेशनच्या चौपट. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. उशीजवळची बाजू पलंगाखाली विटा लावून उचला. दिवसभराचा कडक उपास बंद, कारण रिकाम्या जठरातच पित्त जास्त लागतं. मिसळ आयुष्यभरासाठी बंद नाही, पण तर्रीचा वरचा तवंग नको, आणि शेव-पापडाचा ढीग नको. तूप-तेल पूर्ण तोडायचं नाही, एका बैठकीत भरमसाट घ्यायचं नाही. काय खाल्ल्यावर काय होतं, ते वहीत लिहा. ताईने वही घातली, शिक्षिकाच ती. यातलं काहीही अवघड नाही, खर्चाचं नाही. तुमच्या कार्डावरच्या त्या एका "नॉर्मल"च्या जागी एवढं लिहायला अर्धं पान लागलं असतं.

ताईचं पित्ताशय परत येणार नाही, आणि तिचा पुढचा त्रास किती त्याच्या जाण्यामुळे आणि किती आधीपासूनचा, हे वेगळं काढून सांगणंही आता कोणाला शक्य नाही. तोच माझा आरोप आहे. आधी तपासलं असतं तर सांगता आलं असतं. तुम्ही चोर पकडला नाहीत, घरात सापडलेला पहिला माणूस तुरुंगात घातलात.

मला तुमच्याकडून नुकसानभरपाई नको, माफीही नको. एक साधी गोष्ट हवी. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर आम्ही सहा ठिकाणी सह्या केल्या, सगळं इंग्रजीत, एक ओळही धड वाचायला वेळ मिळाला नाही. त्या कागदावर मराठीत दोन ओळी घाला. या ऑपरेशनने तुमचं कुठलं दुखणं जाईल, आणि कुठलं जाईलच असं नाही. पेशंटच्या समोर बसून त्या स्वतःच्या हाताने भरा. फुगारा, ढेकर आणि जळजळ ही दुसऱ्या ओळीत लिहावी लागली, तर पेन खाली ठेवा आणि आधी एन्डोस्कोपीची चिठ्ठी लिहा. पित्ताशय काढल्यावर पित्त बनायचं थांबत नाही, हेही सांगा. काही जणांना जुलाब होतात, काहींना कडू पाणी येतं, त्यावर औषध आहे, आल्यावर लाजू नका, परत या, असं सांगा. आणि परत आलेल्या माणसाला मनाचा खेळ म्हणून घरी पाठवू नका.

हे पत्र ज्यांच्या हातात पडेल आणि ज्यांच्या घरी खड्याचा रिपोर्ट आलाय, त्यांच्यासाठीही थोडं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, दुखतं कसं, कुठे, किती वेळ, रात्री उठवतं का. कळा येत असतील तर ऑपरेशन करून घ्या, घाबरू नका. नुसतं अपचन असेल तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे, कोणाचा अपमान नाही. पिशवी काढली असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या. आणि ऑपरेशन होऊन गेलेलं असो वा नसो, डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, विष्ठा डांबरासारखी काळी झाली, घास गिळताना अडकायला लागला, वजन कारण नसताना उतरलं, किंवा छातीतली आग घाम फोडून हातात-जबड्यात जायला लागली, तर "पित्त असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि आग छातीतली असेल तर त्याच घडीला हॉस्पिटल गाठा.

कळावे.

आपल्या एका पेशंटचा भाऊ,
नाशिक